बंद दाराचं लिंटल

व्यंकट मिस्त्रीनं माझ्या गोठ्याची भिंत चाखली, तेव्हाच मी त्याला हाकलून द्यायला हवं होतं.

आधी त्यानं नखानं भिंत खरवडली. मग ते बोट जिभेवर टेकवलं, डोळे मिटले, आणि आमटीत मीठ बरोबर पडलंय का ते बघावं तसा क्षणभर थांबला.

"खारट हाय, माय. लई खारट."

मी विचारलं काय होतं, तर या गोठ्याची राहायची खोली करायला खर्च किती येईल. त्यावर हे उत्तर. शिवाय 'माय'! माझ्याहून फार तर दोन-चार वर्षांनी लहान असेल, पण लातूरकडचा माणूस, त्याच्या तोंडी जगातली प्रत्येक बाई माय.

मी तेव्हा तरुण होते. अठ्ठावन्न वर्षांची. आता सत्तरीला टेकल्यावर त्या अठ्ठावन्नच्या पोरीकडं बघते, तेव्हा वाटतं, हिच्या दोन कानाखाली वाजवायला घरात कुणी मोठं माणूस उरलं नव्हतं, तिथंच सगळं बिघडलं.

आमचं घर मोशीत. चाकणचा रस्ता रुंद व्हायच्या आधी आमच्याकडं चार म्हशी होत्या. रस्ता वाढला, जमीन गेली, वैरण विकत आणायची पाळी आली, तशा म्हशीही गेल्या. मग आमचे हे गेले. गोठा तेवढा राहिला, घराच्या पाठीला चिकटून. स्वयंपाकघरातून गोठ्यात जायला एक बुटकं दार होतं. तीस वर्षं मी वाकून त्या दारानं धारेला गेले आणि दुधाची कळशी घेऊन वाकून परत आले.

भांडण झालं ते पाट्या-वरवंट्यावरून. संदीपनं, म्हणजे माझ्या मुलानं, नवा ओटा करून घेतला. सून शीतल म्हणाली, "आई, पाटा आता फारसा लागत नाही. पायात येतो. गोठ्यात ठेवला तर चालेल का?"

आता बघा, पोरीनं विचारलं होतं. ठेवला नव्हता. पण अठ्ठावन्नची ती बाई कमरेवर हात देऊन म्हणाली, "माझा पाटा गोठ्यात, तर मी पण गोठ्यात!"

संदीप सेकंड शिफ्टला निघाला होता. डबा पिशवीत कोंबत म्हणाला, "आई, काहीतरी बोलू नकोस. गोठ्यात माणूस राहतं का?"

बस. तो एवढंही बोलला नसता, तर मी दुसऱ्या दिवशी सगळं विसरले असते.

माझा हिशोब सोपा होता. भिंती आहेत, वर पत्रा आहे, खाली फरशी आहे. रंग मारला, एक ओटा घातला की झालं घर! दूध विकून साठवलेले साठ हजार माझ्याकडं होते. त्यातले दहा उरतील, त्याची शेगडी आणि गादी घेऊ, असं मी ठरवून ठेवलं होतं. गोठ्याचं घर करणं म्हणजे जुन्या लुगड्याची गोधडी शिवण्यासारखं आहे, असा माझा समज. अहो, गोधडीला निदान लुगडं तरी फुकट असतं.

शेजारच्या सुमनबाईंनी व्यंकट मिस्त्री सुचवला. दापोडीला रेल्वेच्या कडेच्या गल्लीत राहायचा. तिथून दोन बस बदलून यायचा आणि तरी माझ्या अंगणात माझ्या आधी हजर. काटक माणूस. डोक्याला टॉवेल, कानावर सुताराची चपटी पेन्सिल. गळ्यात अडकवलेल्या कापडी पिशवीत ओळंबा. दुसरी माणसं अशा पिशवीत जपमाळ ठेवतात, हा भिंत सरळ आहे का बघायचं वजन ठेवायचा, आणि तितक्याच भक्तीनं.

"खारट आहे तर असू दे," मी म्हणाले. "आकडा सांगा."

"भिंत उघडल्याबिगर मी आकडा बोलत नसतो."

"अहो, अंदाज तरी?"

"अंदाज सांगणारा मिस्त्री खोटा असतो, न्हाईतर नवा असतो. मी दोन्ही न्हाई."

मग त्यानं मला समजावलं. तीस वर्षं ही भिंत जनावरांचं मूत प्यालीय. त्याचा खार विटांत मुरलाय. वरून गिलावा मारला, तर दिवाळीला मारलेला होळीला पडतो. म्हणजे कमरेपर्यंत सगळा जुना गिलावा काढायचा, विटा धुवायच्या, पुन्हा धुवायच्या, आणि वाळू द्यायच्या.

"किती दिवस?"

"भिंत सांगंल की."

भिंत काही लवकर सांगेना. मिस्त्री चार-चार दिवसांनी यायचा, भिंत चाखायचा, मान हलवायचा आणि कपभर चहा पिऊन निघून जायचा. इकडं माझी काय गत झाली असेल बघा. घर सोडते म्हणून डरकाळी फोडलेली, आणि जायची जागा अजून खारट! रोज शीतलच्या हातचं जेवत होते आणि रोज तिच्याशी अबोला धरत होते. अबोला धरून "जरा मीठ दे" कसं म्हणायचं, याची मी एक पद्धत काढली होती. छताकडं बघून म्हणायचं. ती पोरगी बिचारी छताला उत्तर द्यायची, "देते."

एकदाची भिंत गोड झाली. मग एके दिवशी सकाळी मिस्त्री रांगोळीवाल्याकडची पांढरी फक्की घेऊन आला आणि गोठ्याच्या जमिनीवर रेघा ओढल्या. ही चूल, ही मोरी, ही झोपायची जागा.

"झोपा," मला म्हणाला.

"काय?"

"झोपून दाखवा. पाय कुणीकडं करून झोपता, उठताना कुठला हात टेकता, बघावं लागतं. घर अंगाला बसलं पाहिजे, माय. पोलकं शिवताना माप देता का न्हाई?"

मी नाही म्हणून बघितलं. तो बसून राहिला. त्याची रोजाची माणसं बसून राहिली, आणि रोज मला पडत होता. शेवटी झोपले. पदर नीट करून, पांढऱ्या रेघांच्या मधोमध, उताणी. तो पेन्सिलीनं विटेवर काहीतरी खुणा करत होता. तेवढ्यात सुमनबाई कुंपणावरून डोकावल्या.

"अगं बया! काय पंचनामा चाललाय का?"

त्यानंतर आठवडाभर गल्लीतली पोरं मला बघून जमिनीवर आडवी पडत होती.

पण एक सांगते, आज अकरा-बारा वर्षं त्या खोलीत राहतेय. उठताना माझा हात जिथं टेकतो, तिथं त्यानं भिंतीत एक वीट चार बोटं पुढं काढून ठेवलीय. तेव्हा मी त्याबद्दलही भांडले होते. भिंत वाकडी बांधली म्हणून.

फरशीचं तर विचारूच नका. गोठ्याची जमीन मोरीकडं उतरती असते, धुतलं की पाणी वाहून जावं म्हणून. मिस्त्री म्हणाला, भर टाकून सपाट करू. तोवर माझे साठ हजार संपून हातातल्या पाटल्यांकडं माझं लक्ष जायला लागलं होतं. मी म्हणाले, "काही नको भर. आहे त्यावर टाइल्स बसवा. म्हशी तीस वर्षं पडल्या नाहीत, मी काय पडते!"

"म्हशीला चार पाय असतात," तो म्हणाला. पण राहणाऱ्या माणसानं सांगितलं की करायचं, हा त्याचा नियम. बसवल्या.

टाइल्स बसल्या त्या दिवशी हौसेनं सगळ्यांना पोहे दिले. मधे ताटात लिंबू ठेवलं होतं. ते ताटातून उडी मारून खाली आलं आणि डौलात, कुठं न अडखळता, मोरीकडं निघालं. अगदी म्हशीच्या मुताच्या वाटेनं. रोजाची माणसं पोह्यात तोंड घालून हसत होती. मिस्त्री हसला नाही, हे जास्त लागलं. उठला, लिंबू उचलून धुतलं, माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "भर कधी आणू?"

टाइल्स काढायचे पैसे, नव्या टाइल्सचे पैसे, भर टाकायचे पैसे. एक पाटली त्या लिंबामागून घरंगळत गेली.

मग राहिलं ते बुटकं दार. स्वयंपाकघर आणि गोठा यांच्यामधलं.

मी सांगितलं, "हे बंद करा. नऊ इंची भिंत, पक्की, सिमेंटात. पलीकडचं इकडं ऐकू येता कामा नये."

व्यंकट मिस्त्रीनं कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. "आणि इकडचं पलीकडं?"

"तुम्हाला करायचंय काय? दार बंद करा."

"त्या दारावरची फळी वाळवीनं खाल्लीय."

"मग काढा ती. दारच राहणार नाही, तर फळी कशाला?"

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "विचार केला, माय?" तिसऱ्या दिवशी पुन्हा, "विचार केला?" तेव्हा मी ओरडले, इतक्या मोठ्यानं, की पलीकडं शीतलच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज आला. तो बरं म्हणाला.

चौथ्या दिवशी मला आळंदीला लग्नाला जायचं होतं. संध्याकाळी आले तर दार नाहीसं झालेलं. दोन्ही अंगांनी ओला गिलावा, कुठं दार होतं याची खूणसुद्धा नाही. मी भिंतीवर हात फिरवला आणि मला फार जिंकल्यासारखं वाटलं. कुणाला जिंकलं ते विचारू नका.

शेवटी हिशोबाचा कागद आला. साठ हजारांचं घर सव्वादोन लाखांना पडलं होतं. मी एकेक ओळ वाचत गेले. बाकी सगळं सोसलं, एका ओळीशी अडले. 'दारावर लिंटल, एक नग.' लिंटल म्हणजे दाराच्या डोक्यावरची सळई घालून ओतलेली सिमेंटची आडवी पट्टी. वरच्या भिंतीचा भार ती पेलते, म्हणून खालचं दार मोकळं राहतं.

"मिस्त्री, दार बंद केलं ना? मग बंद दाराला लिंटल कशाला?"

"भिंतीला लागतं."

"खाली विटाच विटा भरल्यात! पेलायचंय काय त्या पट्टीनं?"

"लागतं, माय," एवढंच. वर जाता जाता म्हणतो, "आणि त्या भिंतीला खिळा ठोकू नका. बाकीच्या तीन हायत."

पैसे दिले, पण खवळून दिले. आणि खिळा कुठं ठोकला असेल? बरोबर. त्याच भिंतीला. ह्यांचा फोटो लावायला. संध्याकाळी फोटो खाली, काचेचा चुरा. खिळ्याच्या भोकातून बोटभर माती गळत होती. सिमेंट नव्हे. माती!

मग मी जे केलं, ते आज सांगायला जीभ जड होते. पण सांगते, नाहीतर हे सगळं लिहायला बसले कशाला? मी ती माती चिमटीत घेऊन गल्लीभर फिरले. "बघा, सिमेंट विकून खाल्लं मेल्यानं आणि माझ्या भिंतीत माती भरली. वर लिंटलचे पैसे लावले." सुमनबाई तेव्हा कंपनीतल्या पोरांसाठी भाड्याच्या आठ खोल्या बांधायला काढत होत्या. व्यंकट मिस्त्रीशी बोलणी झाली होती. ती मोडली. वर्षभराचं काम होतं ते.

तो एकदाच आला त्यानंतर. माझ्याकडं ओळंबा विसरला होता. मी दारात उभी राहून तोंडाला येईल ते बोलले. तो ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळत ऐकत राहिला. दोरी संपली, तेव्हा म्हणाला, "तिथं खिळा ठोकू नका म्हणलं होतं, माय." आणि गेला. मला वाटलं, निर्लज्ज.

अकरा वर्षं गेली. अबोला काही अकरा वर्षं टिकला नाही हो, पहिल्या नातीच्या बारशालाच सुटला. पण भिंत राहिली. माझं घर माझं, तुमचं घर तुमचं. शीतल गोडाधोडाची वाटी घेऊन अंगणातून वळसा घालून यायची, मी वाटी रिकामी परत द्यायची नाही, तीही वळसा घालून. दार पुन्हा पाडायचं का, असं कुणी म्हणालं नाही. म्हणजे माझ्या मनात यायचं, पण सव्वादोन लाख आणि पाटल्या घालून विकत घेतलेली अढी होती ती. अशी स्वस्तात कोण मोडतं?

मागच्या पावसाळ्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. शीतल दिवसातून पाच-सहा वेळा त्या वळशानं यायची. नोकरी सांभाळून. मी खाटेवर पडून तिच्या चपला ऐकायची. मागचं दार, पिंपाची बाजू, शेवाळाचा कोपरा, मग माझं दार. एके दुपारी चपला शेवाळाच्या कोपऱ्यापर्यंत आल्या आणि पुढं आल्याच नाहीत. भांडी आपटल्याचा आवाज, आणि मग काहीच नाही.

"शीतल!" मी हाक मारली. "शीतल, अगं बोल!"

मला उठता येईना. त्या पुढं काढलेल्या विटेला धरून उठले, पण पुढं पाऊल पडेना. घरात बारकी नात होती, पलीकडं स्वयंपाकघरात. मी खाटेशेजारची ती बंद दाराची भिंत दोन्ही हातांनी बडवली. वळशाची वीस पावलं नव्हतीच मधे, वीतभर भिंत होती. नातीनं ऐकलं, ती धावली. शीतलचं मनगट मोडलं होतं. वरण-भात अंगावर, आणि ही बाई मला दारातून विचारते, "आई, तुम्ही उठलात कशाला?"

त्या रात्री मी संदीपला सांगितलं, "भिंत पाड. लागेल तेवढा खर्च लागू दे."

तोडणारा माणूस मशीन घेऊन आला. नऊ इंची पक्की भिंत म्हणून सांगितलेलं. त्यानं मशीन लावायच्या आधी सहज पहार मारून बघितली. गिलाव्याचा पापुद्रा सुटला आणि आतल्या विटा एकेक करून अशा निघायला लागल्या, जशी शेल्फावरून पुस्तकं काढावीत. मधे सिमेंटचा कण नाही. वाळलेली माती. आणि वर, जिथं असायला हवं तिथं, चांगलं जाडजूड लिंटल.

"आजी," तो म्हणाला, "हे बंद नव्हतं केलेलं. हे झाकून ठेवलेलं होतं. लिंटल नसतं तर वरची भिंत डोक्यात आली असती. आता नुसतं हातानं निघतंय."

अर्ध्या तासात दार मोकळं. खाली जुना उंबराही जागेवर होता, माझ्या पायानं मधे झिजलेला. पलीकडं शीतल गळ्यात हात बांधून उभी होती. मी तिच्याकडं बघितलं नाही. छताकडं बघितलं. म्हणजे लिंटलकडं.

मी चालायला लागले, तशी शीतल म्हणाली, "आई, त्यांना शोधूया." रिक्षानं दापोडीला गेलो. दोन-तीन गल्ल्या विचारत विचारत. रुळाच्या बाजूच्या एका घरासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर व्यंकट मिस्त्री बसला होता. वाळलेला. काम सुटलं होतं, हाताला कंप आलेला. पण माझ्याकडं बघितलं आणि ओळखलं.

"मोशीची माय. गुडघ्याला काय झालं?"

"गुडघा राहू द्या. दार उघडलं."

तो पुढं सरकला. "कवा?"

"या पावसाळ्यात."

बोटांवर मोजत राहिला. मग मान हलवली, अगदी भिंत खारट निघाल्यावर हलवायचा तशी. "अकरा वर्षं! चुकलं माझं. मी तीन धरली होती."

"अंदाज सांगणारा मिस्त्री खोटा असतो ना?"

"म्हणून तर तुम्हाला सांगितला न्हवता."

शीतल खळखळून हसली. मला हसू येईना. मी म्हणाले, "मिस्त्री, मी गल्लीभर तुम्हाला सिमेंटचोर केलं. तुम्ही एका शब्दानं सांगितलं असतं तर..."

"तर तुम्ही त्याच दिवशी दुसरा मिस्त्री आणून सिमेंट भरून घेतलं असतं. न्हाई का?"

घेतलं असतं. त्या अठ्ठावन्नच्या बाईनं नक्की घेतलं असतं.

"माझ्यामुळं सुमनबाईंच्या आठ खोल्यांचं काम गेलं तुमचं."

मला वाटलं, जाऊ द्या म्हणेल. माणसं म्हणतात. तेवढ्यात रुळावरून गाडी गेली, पत्रे थरथरले, आणि ती पूर्ण जाईपर्यंत तो थांबला.

"गेलं," तो म्हणाला. एवढंच.

चहा आला. त्यानं बशीत ओतून प्यायला, थोडा सांडला. निघताना शीतल म्हणाली, "काका, दाराच्या कडेचा गिलावा राहिलाय. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही आईंनी. रिक्षा पाठवते. नुसतं बसून सांगायला तरी याल ना? खर्च किती येईल?"

त्याचा हात कानाकडं गेला. कानावर पेन्सिल नव्हती. हात तिथं क्षणभर राहिला. मग त्यानं कान खाजवला, जणू त्यासाठीच वर नेला होता.

"बघितल्याबिगर कसं सांगू, पोरी?" तो म्हणाला, आणि खुर्चीच्या हाताला धरून चपला शोधायला लागला.